चार मिनिटांचा आरोपी

टिळकवाडीत ज्यांना सगळे कोच म्हणतात, त्यांनी आयुष्यात कुणालाही काही शिकवलेलं नाही. त्यांच्या गळ्यात शिट्टी कुणी पाहिलेली नाही. ट्रॅकसूट आहे, पण तो बेळगावच्या थंडीसाठी घेतलेला. नोकरी सरकारी खात्यात झाली, पेन्शन वेळेवर येते, गुडघेही वेळेवर गेले. पदवी मिळाली ती एखादी टीम जिंकून दिली म्हणून नव्हे. हरलेली टीम कुणामुळं हरली हे ते पोरांचा घाम वाळायच्या आत नावानिशी सांगतात, म्हणून.

बेळगावात व्यक्तिचित्र लिहायला बसणाऱ्याची मोठी पंचाईत असते. गावातला सगळ्यात रसरशीत माणूस पुलंनी केव्हाच उचलला. राणी पार्वतीदेवी कॉलेजात शिकवायला आले आणि जाताना रावसाहेब घेऊन गेले. आम्ही आपले उरल्यासुरल्यांत शोधतो. समाधान एवढंच की कोच हा एकटादुकटा नग नाही, ती एक प्रजाती आहे. टिळकवाडीत पत्ता सांगताना पेठ नंतर येते, आधी रेल्वेचं गेट: पहिलं, दुसरं, तिसरं. प्रत्येक गेटाला एक कोच. एका गेटाचे क्रिकेटवर बोलतात, एकाचे निवडणुकीवर, आमचे बास्केटबॉलवर. गेट पडलं की माणूस स्कूटर बंद करून उभा राहतो आणि उभ्या माणसाला व्याख्यान चुकवता येत नाही. प्रजाती फोफावली ती यामुळंच. तिसऱ्या गेटावर उड्डाणपूल झाल्यापासून तिकडचे जरा रोडावलेत म्हणतात. शिवाय १९२४ साली गांधीजींच्या अध्यक्षतेखाली काँग्रेसचं अधिवेशन भरलं ते याच भागात. तेव्हापासून इथं ऐकणाऱ्यांपेक्षा बोलणारे जास्त.

कोचांच्या तपासाची एक पद्धत आहे. बास्केटबॉलच्या टीमची यादी बारा जणांची. पाच आत, सात बेंचवर. कोच यादी खालून वाचायला घेतात. बारावा, अकरावा, दहावा असं करत वर सरकतात आणि पहिल्या पाचांपर्यंत पोचायची वेळ आजवर आलेली नाही. सातव्या-आठव्या नावालाच त्यांना आरोपी सापडतो. त्यातही राखीव पॉइंट गार्ड सापडला तर त्यांना सोन्याहून पिवळं. पॉइंट गार्ड म्हणजे बॉल घेऊन येणारा. आठ सेकंदांत बॉल अर्ध्या रेषेपलीकडं न्यायचा, चोवीस सेकंदांच्या आत कुणीतरी बास्केटकडं फेकेल अशी व्यवस्था लावायची, आणि हे करताना बाकीचे चौघे नेमके कुठं उभे आहेत ते ध्यानात ठेवायचं. चौघे चुकीच्या जागी उभे असले तरी दिसतं ते बॉल याच्या हातात आहे एवढंच. अशा जागी राखीव पोरगा चार मिनिटं जरी उभा राहिला, तरी कोचांना पुढचे चार महिने पुरतो.

आता तो डिसेंबरमधला सामना. हिवाळी टुर्नामेंट, सिमेंटचं कोर्ट, दोन दिवे, त्यातला एक उघडझाप करणारा. स्कोअररच्या टेबलामागं प्लास्टिकच्या खुर्चीत कोच. माकडटोपी हनुवटीपर्यंत ओढलेली, मांडीवर जुनी डायरी. आमच्या टीमचा पहिला पॉइंट गार्ड देखणा पोरगा. केस असे ठेवलेले की उडी मारली की तेही वेगळी उडी मारतात. हाफ टाइमच्या आत त्याचे दोन फाऊल झाले होते. तिसऱ्या क्वार्टरमध्ये मागून हात घालून बॉल काढायला गेला आणि आणखी दोन करून बसला. चौथ्या क्वार्टरला चार मिनिटं आणि वर काही सेकंद उरले असताना पंचांनी त्याच्याविरुद्ध आऊट दिला, तर हा पंचांना म्हणाला, "डोळे घरी ठेवून आलाय काय ओ?" पंचांनी दोन्ही हातांनी 'टी' केला. टेक्निकल. तोही फाऊलच, पाचवा. पाच झाले की बाहेर, आणि तीस सेकंदांत बदली आत यायला हवा.

बदली त्या वेळी सगळ्यांच्या पाण्याच्या बाटल्या एका रांगेत लावत होता. मंगळवार पेठेतला पोरगा, डिप्लोमाला शिकतो, उरलेल्या वेळात मामाच्या इन्व्हर्टर-बॅटरीच्या दुकानात कामाला असतो. जर्सीवर दुसऱ्याच कुणाचं तरी नाव. बुटाची नाडी बांधायलाही वेळ मिळाला नाही, ती खोचून आत गेला. तेव्हा आम्ही अकरा पॉइंटांनी मागं होतो. हा आकडा वाचकांनी ध्यानात ठेवावा. टिळकवाडीत तो मोजक्याच जणांच्या ध्यानात आहे, आणि कोच त्यातले एक असूनही तो आपणहून कधी उच्चारत नाहीत.

पोरानं फार काही चमत्कार केला नाही. बॉल सांभाळून आणला, मोकळा दिसेल त्याला दिला, एक लेअप स्वतः घातला. बघता बघता अंतर चारवर आलं. शेवटची वीस सेकंदं. त्यानं बास्केटखाली उभ्या असलेल्या सेंटरला पास दिला. पास बरोबर छातीवर गेला. सेंटरच्या हातातून बॉल निसटला, पायाला लागला आणि मागच्या रेषेवर टेकला. बास्केटबॉलमध्ये रेषा ही बाहेरची. रेषा कुणाची यावर वाद घालण्यात आमच्या गावाची हयात गेली आहे. महाजन आयोग १९६६ साली नेमला, दावा २००४ पासून सुप्रीम कोर्टात आहे. पंचांनी मात्र दोन सेकंदांत निकाल दिला आणि कुणी अपिलात गेलं नाही. पुढं आमच्याकडून फाऊल झाला, त्यांना दोन फ्री थ्रो मिळाले, दोन्ही गेले. सहानं हरलो.

कोच उठले, डायरी मिटली आणि म्हणाले, "त्या बदलीनं घालवली मॅच."

वास्तविक जिल्ह्याच्या सामन्यांत जी स्कोअरशीट भरतात, तिच्यावर पॉइंट असतात, फाऊल असतात, टाइमआउट असतात. बॉल कुणी गमावला हे तिच्यावर लिहीतच नाहीत. ते फक्त कोचांच्या डायरीत असतं. ही डायरी एका विमा कंपनीची, केव्हाची तरी जुनी. तारखा जुळत नाहीत म्हणून कोच प्रत्येक सामना त्याच्या आडनावाप्रमाणे, म्हणजे आरोपीच्या आडनावाप्रमाणे लावतात. मी ती एकदा चाळली. पहिल्या पॉइंट गार्डच्या पाच फाऊलांपुढं लिहिलं होतं, 'दुर्दैव'. सेंटरच्या निसटलेल्या बॉलपुढं, 'थंडी'. राखीव पोराच्या नावापुढं मात्र पानभर मजकूर, आणि खाली लाल पेनानं दोन रेघा.

हे असं का, याचा मी बराच विचार केला. एक कारण साधं आहे. पहिल्या पाचांतल्या एकाचे वडील जर्सी देतात. दुसऱ्याच्या काकांच्या दुकानातून कोचांकडं महिन्याचं सामान येतं. तिसरा युनिव्हर्सिटीकडून खेळलाय, तो रुसला तर पुढच्या वर्षी येणार नाही. चौथा सहा फूट तीन इंच, असा दुसरा उभ्या टिळकवाडीत नाही. पाचवा वहिनींच्या, म्हणजे कोचांच्या पत्नीच्या, माहेरचा. कोचांना याच रस्त्यांवरून रोज भाजी आणायला जायचं असतं. हार कुठंतरी ठेवायला तर पाहिजे, मग ती जिथं कुणाचं दार नाही तिथं ठेवायची.

पण हे झालं वरवरचं. खरं कारण मला कोचांच्याच एका आवडत्या विषयात सापडलं. १९९१ सालची रणजी फायनल. वानखेडेवर मुंबई विरुद्ध हरियाणा. मुंबईला शेवटच्या डावात ३५५ हव्या होत्या. अठरा वर्षांचा सचिन ९६ करून गेला, बाकीचे येत-जात राहिले, आणि नववी विकेट पडली तेव्हा अजून पन्नासेक धावा बाकी होत्या. एका टोकाला वेंगसरकर, दुसऱ्या टोकाला आला अकराव्या नंबरचा ॲबी कुरुविला. उंचापुरा फास्ट बॉलर, बॅट हातात असली तरी ती कशासाठी असते याची लोकांना शंका. तो टिकला. वेंगसरकर मारत राहिले, तो टिकत राहिला, आणि तीनच धावा हव्या असताना रनआऊट झाला. मुंबई दोन धावांनी हरली. वेंगसरकर १३९ वर नाबाद राहिले आणि मैदानावर रडले. ते रडणं अजून लोकांच्या डोळ्यांपुढं आहे.

कोच सांगतात, "कुरुविलानं घालवली."

आता जरा बघा. कुरुविला पहिल्याच बॉलवर दांडी उडवून घेऊन परत गेला असता, तर मुंबई पन्नास धावांनी हरली असती. मग त्याचं नावही कुणी घेतलं नसतं. वरच्या फळीवर दोन दिवस टीका झाली असती आणि विषय संपला असता. पन्नासनं हरलं की दोष सगळ्यांचा, दोननं हरलं की शेवटच्याचा. म्हणजे ज्यानं पराभव ओढत ओढत विजयाच्या दारापर्यंत आणला, दार उघडलं नाही म्हणून तोच गुन्हेगार. आमच्या बदलीचंही तेच झालं. अकरानं हरलो असतो तर कोच म्हणाले असते, "समोरची टीम तगडी होती ओ." त्यानं अंतर चारवर आणलं ही त्याची चूक. चारवर आणलं नसतं तर लोकांना आशा वाटली नसती, आणि आशा वाटायला लावल्याबद्दल आमच्याकडं माफी नाही.

हे मी कोचांना बोलून दाखवलं. ते म्हणाले, "तू लिहिणारा माणूस, तुला फिरवून बोलता येतंय. खरं कुरुविला पळाला का?"

सामन्यानंतर महिनाभर दुसऱ्या गेटाजवळच्या चहाच्या गाड्यावर या विषयाचं कामकाज चाललं. चहा बाय टू. पूर्ण चहा सांगणाऱ्याला आमच्याकडं उधळ्या समजतात. कोचांच्या विरुद्ध बाजूला एक इंजिनिअरिंगचा विद्यार्थी होता. तो मोबाईल काढून प्लस-मायनस समजावून सांगायचा: खेळाडू आत असताना टीमनं समोरच्यापेक्षा किती जास्त केले किंवा किती कमी, एवढा सरळ हिशोब. त्या हिशोबानं बदलीच्या नावावर अधिक पाच जमा होते आणि देखण्या पहिल्याच्या नावावर उणे अकरा.

कोच म्हणाले, "हे अमेरिकेतलं गणित. इथं चालत नाही."

अमेरिकेतलं काय चालतं आणि काय नाही, हे कोचच ठरवतात. एनबीएची फायनल आपल्याकडं सकाळी सहा-साडेसहाला लागते. कोच दूध आणून, माकडटोपीसकट टीव्हीपुढं बसतात. २०१८ च्या फायनलचा पहिला सामना त्यांनी असाच पाहिला. १०७-१०७ बरोबरी, काही सेकंद उरलेले, क्लीव्हलँडच्या जॉर्ज हिलचा दुसरा फ्री थ्रो चुकला, बॉल जे. आर. स्मिथच्या हातात आला आणि तो बास्केटकडं जायचं सोडून बॉल घेऊन बाहेरच पळाला. पुढं जादा वेळेत टीम हरली. ही गोष्ट सांगताना कोच स्मिथला फार झोडत नाहीत. तो पहिल्या पाचांतला. ते म्हणतात, "बेंचवरून कुणीतरी ओरडायला पाहिजे होतं की." म्हणजे तिथंही बेंच.

विद्यार्थ्यानं मग स्टीव्ह केर काढला. १९९७ ची फायनल, शिकागो विरुद्ध युटा, सहावा सामना, ८६-८६. शेवटची काही सेकंदं उरलेली, जॉर्डनभोवती दोघे जमले, त्यानं बॉल केरला दिला आणि बेंचवरून आलेल्या केरनं तो घातला. शिकागो चॅम्पियन. "आता बोला कोच."

"घातला खरं. पास कुणाचा?"

"जॉर्डनचा."

"मग? मॅच जॉर्डननं जिंकली."

"म्हणजे पास देणाऱ्याला श्रेय?"

"होय की."

"मग आपल्या पोरानं सेंटरला पास दिला, बरोबर छातीवर दिला, त्याच्या हातातून सुटला, तर दोष कुणाचा?"

"पास देणाऱ्याचा." कोच क्षणभरही थांबले नाहीत. "तत्त्व एकच आहे रे. पास देणारा जबाबदार. फक्त पास देणारा कोण आहे ते बघायचं."

विद्यार्थी गप्प झाला. त्यानं शेवटचा म्हणून जेरेमी लिन काढला: दोन टीमनी सोडलेला, न्यूयॉर्कच्या बेंचच्या टोकाला बसणारा पॉइंट गार्ड, २०१२ च्या फेब्रुवारीत नाइलाजानं आत सोडला आणि लेकर्सविरुद्ध त्यानं ३८ पॉइंट केले. कोच म्हणाले, "तो बदली नव्हताच. चुकून बेंचवर बसलेला."

तिसरा पक्ष कुस्तीचा. आनंदवाडीच्या आखाड्याला पहिल्या रांगेत बसणारे एक वयस्कर गृहस्थ रोज येतात, चहा बशीत ओतून पितात. ते म्हणाले, "आमच्यात बदली नसतोय. पाठ टेकली की टेकली. दोष द्यायला दुसरं माणूसच नाही. म्हणून कुस्तीवर तुमच्यासारखी माणसं बोलत नाहीत."

कोचांनी बशीकडं बघितलं आणि विचारलं, "मालिश कोण केला होता?"

चहावाला आतून म्हणाला, "बिड्री सर, सोडा की, गेट पडलंय, गिऱ्हाईक येऊलालंय."

पानिपत निघालंच. मराठी माणसांच्या पराभवाच्या चर्चेत ते निघाल्याशिवाय बैठक उठत नाही. इथं विद्यार्थ्यानं चांगला मुद्दा काढला होता: १४ जानेवारी १७६१ ला दुपारपर्यंत मराठ्यांचं पारडं जड होतं, मग अब्दालीनं हाताशी ठेवलेली ताजी फौज आत सोडली, आणि भाऊंकडं सोडायला कुणी उरलं नव्हतं. म्हणजे लढाई बेंचनं फिरवली. आपली हार बेंचमुळं नव्हे, बेंच नसल्यामुळं झाली. यावर कोचांचं उत्तर मी तसंच देतो: "भाऊंच्या पहिल्या पाचात काही खोट नव्हती."

बाहेरगावचा सामना असला की कोचांची प्रतिभा अधिक फुलते. कोल्हापूरहून हरून परत येताना कोगनोळी नाक्यावर संशयित ठरतो, निपाणीला चहा पिताना पुरावा गोळा होतो आणि हत्तरगीच्या टोलला निकाल लागतो. शिक्षा घरी येऊन. निपाणीतही यांचा एक समव्यवसायी आहे, पण दोघांचं जमत नाही. निपाणीकर प्रत्येक हार पंचांच्या माथी मारतात. कोचांना ते पटत नाही. "पंच परका माणूस, त्याला बोलून काय मिळणार? आपल्यातला धरायला पाहिजे." यात थोडं तथ्य आहे असं मला वाटतं. पंच सामना संपला की मोटारसायकलला किक मारून जातो. बदली मंगळवार पेठेत राहतो, रोज दिसतो.

हा सिद्धांत फक्त खेळापुरता आहे असं समजू नका. गावात हौशी नाटक पडलं तर कोच म्हणतात, प्रॉम्प्टर नवीन होता. गणपतीत आरतीचा ताल चुकला तर झांजा वाजवायला बसलेला भाचा. वीज गेली तर बदली लाइनमन. एकदा वहिनींनी त्यांना गॅसवरच्या दुधाकडं लक्ष ठेवायला सांगितलं आणि दूध उतू गेलं. कोच पेपर वाचत होते. ते म्हणाले, "सिलेंडर जोडायला आज नवीन पोरगा आला होता ना?" वहिनींनी काही न बोलता फडकं त्यांच्या हातात दिलं. वहिनींच्या त्या न बोलण्याला टिळकवाडीत मान आहे.

जानेवारीत कोचांचा इन्व्हर्टर बसला. दुकानात फोन केला, आणि दुकानातून बॅटरीत डिस्टिल्ड वॉटर भरायला कोण आलं असेल ते सांगायला नको. मी तिथं होतो, कारण टॉर्च कोचांचा असला तरी सेल माझे होते. जिन्याखालची जागा, पोरगा गुडघ्यावर बसलेला, एकेक टोपण फिरवून काढत होता, फनेलमधून पाणी सोडत होता, आतला तरंगता दांडा वर येतो का बघत होता. कोच टॉर्च धरून उभे. मी मनात म्हटलं, आता माणूस समोर आहे, त्याच्या हातात आपल्या घरचा उजेड आहे, निदान आज विषय निघू नये. विषय पोरानंच काढला.

"काका, मी आत आलो तेव्हा आपण कितीनं मागं होतो?"

टॉर्च जरा हलला. "अकरा."

"आणि संपली तेव्हा?"

"सहा."

"म्हणजे माझ्या चार मिनिटांत पाच भरून काढले की ओ."

पोराचा आवाज भांडणाचा नव्हता. तो पुढच्या टोपणाकडं वळला होता. मला वाटलं, संपलं. एवढ्या सरळ आकड्यापुढं जगातला कुठला कोच टिकणार? कोचांनी टॉर्च या हातातून त्या हातात घेतला आणि अत्यंत शांतपणे विचारलं:

"मग उरलेले सहा कुणासाठी ठेवलेस?"

पोरानं शेवटचं टोपण घट्ट केलं, फडक्यानं बॅटरी पुसली, तारांचे नट हातानं दाबून पाहिले. "पाणी भरलंय काका. दोन महिने बघायला नको. काकी, येतो." वहिनींनी त्याला थांबवून कुंद्याची वाटी दिली. उभ्याउभ्या खाऊन तो सायकलवर बसून गेला. पैसे मामाच्या खात्यावर लिहायला सांगितले.

संध्याकाळी चहाच्या गाड्यावर कोच खुशीत होते. "पोरगं चांगलंय. खरं, आज त्यानं कबूल केलं."

"काय कबूल केलं?"

"तो आत असताना मॅच हरलो म्हणून."

मी काही बोललो नाही. माझे सेल अजून त्यांच्या टॉर्चमध्ये होते.

मात्र या गोष्टीला पुढचा भाग आहे, आणि कोचांच्या बाजूनं तोही सांगायला हवा. देखणा पॉइंट गार्ड मेमध्ये नोकरीला पुण्याला गेला. केस घेऊन गेला. त्यामुळं मंगळवार पेठेतला पोरगा पहिल्या पाचांत आला. जर्सीवर आता त्याचं स्वतःचं नाव आहे. त्या दिवसापासून कोचांच्या डायरीत त्याच्याविरुद्ध एक अक्षर नाही. उलट ते सांगतात, "याच्यात चमक होतीच. डिसेंबरात चार मिनिटांत पाच भरून काढले होते पठ्ठ्यानं. मी तेव्हाच बोललो होतो." हे ऐकताना विद्यार्थ्यानं बाय टूमधला आपला अर्धा चहा तसाच ठेवला.

यंदाच्या टुर्नामेंटात टीम सेमीफायनलला हरली. तीननं. पहिल्या पॉइंट गार्डनं, म्हणजे आपल्या जुन्या आरोपीनं, शेवटच्या मिनिटात दोन्ही फ्री थ्रो चुकवले. डायरीत नोंद आहे: 'वारा'. पण दुसऱ्या क्वार्टरमध्ये दीड मिनिट त्याला विश्रांती द्यायला एक नवा पोरगा आत आला होता. बारावीला आहे, चष्मा दोरीनं बांधून खेळतो, घर शुक्रवार पेठेत. कोचांनी त्याचं पूर्ण नाव, कॉलेज आणि वडील कुठं कामाला आहेत हे सगळं काढून ठेवलंय.

त्याच्या घरच्यांची कुणाशी ओळख असेल तर कृपा करून एवढा निरोप द्यावा: बोर्डाची परीक्षा होईपर्यंत पोराला प्रॅक्टिसला दुसऱ्या गेटावरून पाठवू नका, आणि घरात इन्व्हर्टर दुरुस्त करता येत असेल कुणाला, तर ते कोचांना कळू देऊ नका.